मायकेल फूट : ग्रंथ, निष्ठा आणि सत्ता
(वाङ्मय मंडळाच्या व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या भाषणाचा पाठ)



वाङ्मय मंडळाच्या व्यासपीठावर ब्रिटनच्या एका खासदाराविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. उत्तर सोपे आहे. मायकेल फूट हे दोन टप्प्यांत मिळून सुमारे बेचाळीस वर्षे हाउस ऑफ कॉमन्सचे सभासद होते, मंत्री होते, मजूर पक्षाचे नेते होते. आणि तरीही त्यांचे खरे शिक्षण वाङ्मयाने केले होते. जोनाथन स्विफ्ट, विल्यम हॅझलिट, बायरन, एच. जी. वेल्स ही त्यांची दैवते. या लेखकांवर त्यांनी निबंध आणि ग्रंथ लिहिले, आणि ते एखाद्या पुढाऱ्याने हौसेखातर लिहावे तसे नाहीत; त्या विषयांच्या अभ्यासकाला ते आजही चाळावे लागतात.

वाचनाने माणूस शहाणा होतो, वाचणारा पुढारी न वाचणाऱ्यापेक्षा बरा असतो, असे आपण सारे मानतो. साहित्याचे अध्यापन करून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला तर ते मानावेच लागते. ही समजूत कुठवर खरी आहे हे तपासायला फूट यांच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. त्यांच्या आयुष्यात ग्रंथांनी दिलेले धैर्य दिसते, आणि ग्रंथांना जे देता आले नाही तेही दिसते. यातला दुसरा भाग आपल्या देशाशी निगडित आहे.

फूट यांचा जन्म २३ जुलै १९१३ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्येला प्लिमथ येथे झाला. वडील आयझॅक फूट हे वकील, मेथडिस्ट पंथाचे निष्ठावान अनुयायी आणि उदारमतवादी पक्षाचे खासदार. लंडनच्या गोलमेज परिषदेत ब्रिटिश प्रतिनिधींमध्ये त्यांचा समावेश होता. म्हणजे ज्या परिषदेला डॉ. आंबेडकर आणि आपले सयाजीराव महाराज हजर होते, तिथेच आयझॅक फूटही बसले होते. या गृहस्थांना पुस्तकांचे वेड होते आणि त्या वेडाला सीमा नव्हती. त्यांच्या घरातील ग्रंथसंग्रह हजारोंच्या घरात गेला होता आणि त्यांच्या मृत्यूनंतर तो कॅलिफोर्निया विद्यापीठाने विकत घेतला. अशा घरात वाढलेल्या मुलांपैकी एक सॉलिसिटर जनरल झाला, एक सायप्रसचा गव्हर्नर झाला, एक उमराव सभेत गेला. आणि मायकेल पत्रकार झाला.

ऑक्सफर्डला असताना ते तिथल्या सुप्रसिद्ध वादसभेचे अध्यक्ष होते. त्या वेळेपर्यंत ते वडिलांप्रमाणे उदारमतवादीच होते. शिक्षण संपल्यावर लिव्हरपूलमध्ये एका जहाज कंपनीत त्यांनी नोकरी धरली. बंदरातील बेकारी आणि दारिद्र्य तिथे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले आणि ते समाजवादी झाले. घरात यामुळे फार खळबळ माजली नाही. मतभेद झाला तर वाचून वाद घालावा, हा त्या घराचा शिरस्ता होता.

फूट यांचे लिखाण ज्या पहिल्या पुस्तकात आले, ते १९३४ सालचे ‘यंग ऑक्सफर्ड अँड वॉर’. त्याचे संपादक होते व्ही. के. कृष्ण मेनन. हेच मेनन पुढे आपले संरक्षणमंत्री झाले आणि उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. त्या काळी ते लंडनमध्ये इंडिया लीग चालवत आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटिश जनमत तयार करण्याचे काम करत. तरुण फूट त्यांच्याकडे ओढले गेले आणि मेनन यांच्यामार्फत नेहरूंकडे. भारताच्या स्वातंत्र्याची बाजू त्यांनी तेव्हापासून घेतली आणि इंडिया लीगशी असलेला संबंध आयुष्यभर टिकवला. हा धागा आपण लक्षात ठेवू. पुढे त्याचीच गाठ बसणार आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात, डंकर्कच्या माघारीनंतर, लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या वृत्तपत्रांत काम करणाऱ्या तिघा पत्रकारांनी चार दिवसांत एक छोटे पुस्तक लिहिले. फूट, फ्रँक ओवेन आणि पीटर हॉवर्ड हे ते तिघे. पुस्तकाचे नाव ‘गिल्टी मेन’, आणि लेखकाच्या जागी ‘केटो’ हे टोपणनाव. हिटलरपुढे नमते घेणाऱ्या, देशाला निःशस्त्र अवस्थेत युद्धापर्यंत आणणाऱ्या पंधरा माणसांवर त्यात नावानिशी आरोपपत्र ठेवले होते, आणि त्यांतले काही त्या क्षणीही मंत्रिमंडळात होते. मोठ्या पुस्तकविक्रेत्यांनी ते ठेवायला नकार दिला. तेव्हा ते रस्त्यावर, हातगाड्यांवर विकले गेले आणि दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या. अठराव्या शतकातल्या पत्रकलेखनाची परंपरा, म्हणजे दोन आण्यांच्या चोपड्याने मंत्र्याची झोप उडवायची परंपरा, फूट यांनी वडिलांच्या ग्रंथसंग्रहात वाचली होती. तिचा उपयोग त्यांनी सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या आधीच करून दाखवला.

आता बीव्हरब्रुक यांच्याविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. हे वृत्तपत्रसम्राट साम्राज्यवादी, हुजूर पक्षाचे. फूट समाजवादी. तरीही त्यांनी फूट यांना अठ्ठावीस-एकोणतिसाव्या वर्षी ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चे संपादक केले, आणि फूट यांनी त्यांच्यावर जन्मभर पित्यासारखे प्रेम केले. १९८० साली आलेल्या ‘डेट्स ऑफ ऑनर’ या निबंधसंग्रहात बीव्हरब्रुक यांच्यावर मोठा, प्रेमळ लेख आहे. त्या शीर्षकाचा मराठीत अर्थ करायचा तर ‘मानाची ऋणे’ असा करता येईल. ज्यांनी आपल्याला घडवले त्यांचे ऋण फेडणे ही फूट यांची सर्वांत खोल प्रेरणा होती. त्यांच्या सद्गुणांचा उगम तिच्यात आहे, आणि दोषांचाही.

१९४५ च्या निवडणुकीत ते आपल्या जन्मगावच्या डेव्हनपोर्ट मतदारसंघातून निवडून आले. मजूर पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले होते. आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन हे वेल्समधील खाणकामगाराचे पुत्र आणि स्वतः कोवळ्या वयात खाणीत उतरलेले. त्यांनी ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. फूट बेव्हन यांचे सहकारी, मित्र आणि भक्त झाले. बेव्हन यांच्या विचारांचे मुखपत्र असलेले ‘ट्रिब्यून’ हे साप्ताहिक फूट यांनी संपादले. १९५५ साली डेव्हनपोर्टमध्ये अगदी थोड्या मतांनी त्यांचा पराभव झाला.

पराभूत राजकारणी मोकळ्या वेळात काय करतो? फूट यांनी स्विफ्टवर ग्रंथ लिहिला. १९५७ साली आलेला ‘द पेन अँड द सोर्ड’ हा ग्रंथ स्विफ्टच्या आयुष्यातील जेमतेम एका वर्षाविषयी आहे. १७१० साली इंग्लंडमध्ये हार्ली आणि सेंट जॉन यांचे नवे टोरी मंत्रिमंडळ आले होते. त्यांना फ्रान्सशी चाललेले दीर्घ युद्ध थांबवायचे होते आणि त्यात अडसर होता विजयी सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो. स्विफ्टने नोव्हेंबर १७११ मध्ये ‘द कॉन्डक्ट ऑफ द अलाइज’ हे पत्रक लिहिले. दोन महिन्यांत त्याच्या अकरा हजार प्रती खपल्या, आणि त्या काळच्या लोकसंख्येच्या मानाने हा आकडा प्रचंड होता. वर्ष संपता संपता मार्लबरोला पदावरून दूर केले गेले. लेखणीने तलवारीवर मात केली, अशी ही कथा.

विद्यार्थ्यांनी या ग्रंथातील आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. स्विफ्ट हा स्वतंत्र बाण्याचा माणूस. हार्लीने त्याला पन्नास पौंडांची नोट पाठवली तेव्हा तो संतापला आणि त्याने ती परत केली. पैशासाठी लिहिणारा भाडोत्री म्हणून आपल्याकडे पाहिले, याचा त्याला राग आला होता. मात्र मंत्र्यांच्या पंक्तीला बसणे, त्यांनी नावाने हाक मारणे, गुप्त मसलतीत सामील करून घेणे याचा मोह त्याला आवरला नाही. नोट परत केली, मैत्री स्वीकारली. तो विकला गेला नाही. मात्र मंत्रिमंडळाचे दोष त्याच्या लेखणीला दिसेनासे झाले. फूट यांना स्विफ्टचे हे सारे ठाऊक होते. त्यांनी या वर्षाचा दिवसागणिक अभ्यास केला होता.

त्याच १९५७ सालच्या ऑक्टोबरमध्ये फूट यांची स्वतःची परीक्षा झाली. ब्रायटन येथील पक्षाच्या अधिवेशनात बेव्हन यांनी, ब्रिटनने एकतर्फी अण्वस्त्रत्याग करावा या मागणीला जाहीर विरोध केला. अनुयायांना तो वज्राघात वाटला. फूट एकतर्फी अण्वस्त्रत्यागाचे कट्टर पुरस्कर्ते. बेव्हन त्यांचे दैवत, आणि ‘ट्रिब्यून’ तर बेव्हन यांचेच पत्र मानले जाई. तरीही फूट यांनी त्याच ‘ट्रिब्यून’मधून बेव्हन यांच्या भूमिकेला विरोध केला. मैत्रीत फार कडवटपणा आला. पुढच्या वर्षी अण्वस्त्रविरोधी चळवळ उभी राहिली, तिच्या संस्थापकांत फूट होते. दैवताला तोंडावर ‘आपण चुकत आहात’ असे सांगण्याची हिंमत या माणसात होती, याची नोंद आपण इथे करून ठेवू.

१९६० साली बेव्हन वारले, आणि त्यांच्याच एब्बू व्हेल मतदारसंघातून फूट पोटनिवडणुकीत निवडून आले. काही महिन्यांतच संरक्षणखर्चाच्या मतदानात पक्षादेश मोडल्याबद्दल त्यांना पक्षाच्या संसदीय गटातून काढण्यात आले. १९६३ पर्यंत ते गटाबाहेरच होते. या काळात त्यांनी बेव्हन यांच्या चरित्राचा पहिला खंड लिहिला. दुसरा १९७३ साली आला. इंग्रजीतील राजकीय चरित्रांत हे दोन खंड महत्त्वाचे मानले जातात. समीक्षकांनी त्यांतील पक्षपातही दाखवून दिला आहे. बेव्हन यांचे प्रतिस्पर्धी गेट्स्केल यांना त्यात न्याय मिळालेला नाही. चरित्रनायकावर जीव असला की लेखन जिवंत होते, आणि तेवढ्याच प्रमाणात प्रतिपक्ष निर्जीव होतो. मराठी चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगायला नको.

साठचे दशक त्यांनी मागच्या बाकांवर काढले, आणि माझ्या मते संसदपटू म्हणून हेच त्यांचे सर्वोत्तम दशक. हाती कागद न घेता, वाक्यांवर वाक्ये चढवत, मध्येच उपहासाची कोटी करत ते बोलत. स्वपक्षाच्याच सरकारने उमराव सभेच्या सुधारणेचे विधेयक आणले, तेव्हा १९६९ साली फूट यांनी ते चर्चेतच दमवून दमवून हाणून पाडले. या कामी त्यांचा साथीदार होता हुजूर पक्षाचा इनॉक पॉवेल. फूट यांना ती सभा नष्टच व्हायला हवी होती, पॉवेलला ती जशीच्या तशी हवी होती. दोघांनाही पंतप्रधानांनी नेमलेल्या मिंध्यांची सभा नको होती. उमराव होण्याची संधी पुढे फूट यांनी स्वतःही नाकारली.

१९७४ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, फूट प्रथमच मंत्री झाले. रोजगार खाते त्यांच्याकडे आले. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा १९७४ चा कायदा आणि नोकरीला संरक्षण देणारा १९७५ चा कायदा त्यांच्या कारकिर्दीतले. पहिल्या कायद्याच्या पायावर ब्रिटनमधील कामगारांची सुरक्षितता आजही उभी आहे. त्याच काळात एक विलक्षण वाद झाला. कामगार संघटनांच्या सभासदत्वाची सक्ती करता येईल असा कायदा येत होता, आणि ती सक्ती वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत लागू झाली तर संपादकांचे स्वातंत्र्य राहील का, असा प्रश्न संपादकांनी उपस्थित केला. जन्मभर पत्रकारिता केलेला माणूस या वादात संपादकांच्या समोरच्या बाजूला उभा होता. संघटना चळवळीचे ऋण आणि मुद्रणस्वातंत्र्याचे ऋण यांत त्यांनी पहिल्याला झुकते माप दिले. त्यामागे त्यांची कारणे होती, आणि ती हलकी नव्हती. पण माणूस सरकारात गेला की त्याच्या तराजूचा काटा कसा हलतो, हे इथे प्रथम दिसते.

मित्रहो, आता आपण मुख्य मुद्द्याकडे येतो.

२५ जून १९७५ रोजी भारतात आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली, विरोधी नेते तुरुंगात गेले. त्यांत अनेक समाजवादी होते, म्हणजे फूट यांच्याच वैचारिक गोत्रातले. मुंबईच्या कामगार चळवळीतून वर आलेले जॉर्ज फर्नांडिस भूमिगत झाले. जून १९७६ मध्ये ते पकडले गेले आणि त्यांच्यावर जो खटला भरला गेला तो आपल्याच शहराच्या नावाने ओळखला जातो : बडोदा डायनामाइट खटला. विली ब्रँट, ब्रूनो क्रायस्की, ओलोफ पाल्मे या युरोपातील समाजवादी नेत्यांनी फर्नांडिस यांच्या सुरक्षिततेसाठी आवाज उठवला.

आणि फूट? केटो या नावाने मंत्र्यांवर आरोपपत्र लिहिणारे, दैवताला त्याच्याच पत्रातून विरोध करणारे फूट? त्यांनी इंदिरा गांधींची पाठराखण केली. आणीबाणी चालू असतानाच ते भारतात येऊन गेले आणि परतल्यावरही त्यांनी टीकेचा सूर लावला नाही. त्यांच्या मित्रांना याचा धक्का बसला. त्यांच्या चरित्रकारांनाही या ठिकाणी अडखळावे लागते.

कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. मेनन, नेहरू, इंडिया लीग, तरुणपणातील सारा ध्येयवाद. इंदिरा गांधी त्या ध्येयवादाच्या वारस होत्या. नेहरूंची मुलगी लोकशाही मोडील, हे त्यांना पटणे कठीण होते. साम्राज्याच्या काळात भारताला उपदेश करणाऱ्या इंग्रजांची त्यांना चीड होती; आपण त्याच पंक्तीत बसू नये असेही त्यांना वाटले असेल. ही कारणे समजण्यासारखी आहेत, कुणालाही ती आपली वाटतील अशी आहेत. म्हणून तर ती धोक्याची आहेत.

इथे हॅझलिट आठवतो. फूट यांचा सर्वांत लाडका गद्यलेखक तोच. फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाजूने तरुणपणी बोललेले वर्डस्वर्थ, कोलरिज, सदी हे कवी पुढे राजसत्तेच्या आश्रयाला गेले, आणि हॅझलिटने त्यांना कधीही क्षमा केली नाही. राजांचा इतका कडवा द्वेष्टा इंग्रजी साहित्यात क्वचितच सापडेल. आणि हाच हॅझलिट नेपोलियनचा भक्त होता! त्याने नेपोलियनचे चार खंडांचे चरित्र लिहिले. क्रांतीचा वारस म्हणून त्याने ज्याला डोक्यावर घेतले, त्याने स्वतःच्या डोक्यावर मुकुट चढवला होता, हे हॅझलिटला दिसत नव्हते असे नाही. वारसावरचे प्रेम अधिक बलवान ठरले, इतकेच. फूट यांनी हॅझलिटचे अक्षर न् अक्षर वाचले होते. स्विफ्टचे ते वर्ष त्यांनी दिवसागणिक तपासले होते. म्हणजे आपल्या दोन्ही आदर्श लेखकांची हीच दुर्बलता त्यांना पुस्तकातून पूर्ण परिचयाची होती. तरीही त्यांची पाळी आली तेव्हा ते तसेच वागले.

मग १९५७ साली ते बेव्हन यांच्याविरुद्ध कसे उभे राहू शकले? निष्ठा तर तीच होती, किंबहुना जास्त होती. मला यात एकच मोठा फरक दिसतो. १९५७ साली फूट संसदेत नव्हते, सत्तेत नव्हते. त्यांच्या हातात फक्त एक गरीब साप्ताहिक होते, आणि त्याचे कर्तव्य बोलणे हेच होते. १९७६ साली ते मंत्रिमंडळात होते, सभागृहाचे नेते होते. बोलण्याला सरकारचा अर्थ चिकटत होता आणि न बोलण्याला सभ्य कारणे उपलब्ध होती. माणूस तोच, ग्रंथ तेच, जागा बदलली होती.

त्याच वर्षांत आपल्याकडे काय घडले ते आपण जाणतो. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रातले परराष्ट्रमंत्री; ग्रंथांवर मनापासून प्रेम करणारा, साहित्यिकांत रमणारा, अत्यंत सुसंस्कृत नेता. अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाशांसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना तुरुंगवास घडला. यशवंतराव मंत्रिमंडळातच राहिले. वाचनाच्या तोलाने दोघांत फार अंतर होते असे मला वाटत नाही. दुर्गाबाईंकडे सांभाळायला पद नव्हते आणि फेडायला राजकीय ऋण नव्हते. यशवंतरावांना मी इथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. फूट आणि यशवंतराव हे एकाच जातीचे, आदरणीय जातीचे पुढारी होते, आणि नेमक्या त्यामुळेच त्यांचे मौन आपल्याला जास्त शिकवते.

उरलेले आयुष्य थोडक्यात सांगतो. १९७६ साली नागिणीच्या विकाराने फूट यांचा एक डोळा गेला. वाचन थांबले नाही. २८ मार्च १९७९ च्या रात्री त्यांचे सरकार ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने पडले. त्या रात्रीचे समारोपाचे भाषण फूट यांचे होते. सरकार बुडत असताना विरोधकांसह सारे सभागृह हसत होते, असे ते भाषण. १९८० साली डेनिस हीली यांचा १३९ विरुद्ध १२९ मतांनी पराभव करून ते पक्षाचे नेते झाले. पक्ष दुभंगला, चार ज्येष्ठ नेत्यांनी नवा पक्ष काढला. स्मृतिदिनाच्या समारंभात त्यांनी घातलेल्या कोटावरून वृत्तपत्रांनी त्यांची वर्षभर टिंगल केली. तो कोट आता मँचेस्टरच्या संग्रहालयात आहे. १९८३ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला २७.६ टक्के मते आणि २०९ जागा मिळाल्या. त्या पराभवानंतर त्यांनी नेतेपद सोडले. पंतप्रधान होण्याचे गुण त्यांच्यात नव्हते, हे त्यांचे चाहतेही मान्य करतात. दूरचित्रवाणीच्या युगात लांब वाक्यांचा माणूस टिकणे कठीणच होते.

नेतेपद सुटले आणि फूट पुन्हा मोकळे झाले. मला त्यांच्या आयुष्याचा हा उत्तररंग महत्त्वाचा वाटतो. १९८८ साली बुकर पारितोषिकाच्या परीक्षक मंडळाचे ते अध्यक्ष होते. सलमान रश्दींच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ला त्यांचा कौल होता, पारितोषिक दुसऱ्या कादंबरीला मिळाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भारत सरकारने रश्दींच्या पुस्तकाच्या आयातीवर बंदी घातली, आणि पुढच्या फेब्रुवारीत इराणमधून मृत्यूचा फतवा निघाला. फूट यांच्या पक्षातील अनेकांना मतदारसंघांची चिंता होती. फूट मात्र रश्दींच्या बाजूने ठाम उभे राहिले. १९९२ साली ते संसदेतून निवृत्त झाले. पत्नी जिल क्रेगी या चित्रपट दिग्दर्शिका. युगोस्लाव्हिया फुटून तिथे युद्ध पेटले तेव्हा ऐंशीच्या घरात पोचलेल्या या दांपत्याने सर्बियन आक्रमणाविरुद्ध आणि युरोपच्या निष्क्रियतेविरुद्ध एक माहितीपट तयार केला. २००३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, लंडनच्या सोहो भागातील हॅझलिटच्या जीर्णोद्धार केलेल्या थडग्याचे अनावरण त्यांनी केले. ते ३ मार्च २०१० रोजी, शहाण्णवाव्या वर्षी वारले.

सत्तेपूर्वीचे फूट आणि सत्तेनंतरचे फूट निर्भय होते. मधल्या काही वर्षांत ते तसे नव्हते. एवढ्यावरून सत्ता वाईट, लेखकाने तिच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, असा निष्कर्ष मी काढणार नाही. कामाच्या ठिकाणी यंत्रात हात जाऊ नये म्हणून झालेला कायदा सत्तेतल्या फूट यांनीच आणला, आणि तो ‘ट्रिब्यून’च्या हजार अग्रलेखांनी आला नसता. सत्तेत जाणाऱ्या माणसांनी ग्रंथ वाचलेले असावेत, हेही मी आग्रहाने म्हणेन. माझे म्हणणे एवढेच, की वाचनाने आलेले शहाणपण जागा बदलली की आपोआप सोबत येत नाही. ते तिथे नव्याने कमवावे लागते.

आणि हे पुढाऱ्यांपुरते नाही. ज्या संस्थेच्या वार्षिकात हे भाषण छापले जाईल ती सरकारी अनुदानावर चालते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी भाषकांना अशा अनुदानाची गरज आहे. शाळा, ग्रंथालये, नियतकालिके त्यावर तगून आहेत. अनुदान देणाऱ्यांत आपले मित्र असतात, कधी चांगले वाचक असतात, कधी खरोखरच मराठीवर प्रेम करणारे असतात. हार्लीची नोट ओळखणे आणि परत करणे फारसे अवघड नाही. विकला गेलेला लेखक लोकांना लगेच कळतो. कृतज्ञ लेखक कळत नाही, बहुधा त्याचे त्यालाही कळत नाही, कारण कृतज्ञता हा सद्गुण आहे आणि सद्गुणाकडे कुणी संशयाने पाहत नाही.

ऋण मान्य करावे, फेडावेही. पण ते कशाने फेडायचे हे आपण ठरवावे. बेव्हन यांचे ऋण फूट यांनी १९५७ साली विरोध करून फेडले आणि नंतर दोन खंडांचे चरित्र लिहून फेडले. नेहरूंचे ऋणही तसेच फेडता आले असते. नेहरूंनी उभारलेल्या संसदेची बाजू घेणे हीच त्यांच्या लेकीच्या बाबतीतली खरी निष्ठा ठरली असती. विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की फूट यांचा स्विफ्टवरचा ग्रंथ आणि ‘डेट्स ऑफ ऑनर’ मिळवून वाचा. आणि वाचताना ही एक तारीख शेजारी लिहून ठेवा : २५ जून १९७५.